पाहुण्यांच्या गाड्यांचा भार रहिवाशांच्या घरपट्टीवर का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की पर्यटनस्थळांवरच्या वाहतूक कोंडीच्या बातम्या येतात आणि खापर तिथल्या नगरपरिषदेवर फुटते. खड्डे बुजवले नाहीत, पार्किंगची सोय केली नाही, असे आरोप होतात. त्यात तथ्यही असते. पण त्या रस्त्यांसाठी पैसा कुठून येतो, हे कोणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

छोट्या गावाच्या स्वतःच्या उत्पन्नात रहिवाशांच्या घरपट्टीचा वाटा मोठा असतो. सरकारी अनुदान ठरवताना बऱ्याच अंशी जनगणनेतली लोकसंख्या पाहिली जाते. शनिवार-रविवारी गावात उतरणारी गर्दी त्या आकड्यात नसते, रस्त्यावर मात्र तीच असते. शिवाय ही गर्दी जो खर्च करते त्यावरचा कर वरच्या सरकारांकडे जातो. भारतात 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत 'रस्ते आणि पूल' हे नगरपालिकांचे काम म्हणून नमूद आहे. हॉटेलच्या बिलावरचा जीएसटी मात्र केंद्र आणि राज्य यांच्यात वाटला जातो, त्यात नगरपालिकेचा थेट वाटा नाही. हे दुखणे एका देशाचे नाही. न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाऊनच्या रहिवाशांनी 2019 मध्ये सार्वमत घेऊन पाहुण्यांवर स्थानिक कर लावण्याच्या बाजूने 80 टक्क्यांहून अधिक मते दिली. परदेशी पाहुण्यांकडून देशपातळीवर शुल्क घेणे त्याच वर्षी सुरू झाले, पण ते जमा होते तिथल्या केंद्र सरकारकडे.

रस्ता खराब कोण करते, हेही नीट पाहिले पाहिजे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून असे दिसले, की चाकांना जोडणाऱ्या आसावरचा भार दुप्पट झाला तर झीज साधारण सोळापट होते. म्हणजे रस्ता उखडण्यात छोट्या गाड्यांचा वाटा नगण्य, खरी झीज पर्यटकांच्या मोठ्या बस आणि हॉटेलांना माल पुरवणारे ट्रक करतात. छोट्या गाड्या रस्ता झिजवत नाहीत, त्या तो अडवतात. तेव्हा दोघांना एकच प्रवेशशुल्क लावणे मला पटत नाही. बसमधून चाळीसेक माणसे येतात, तिने वाचवलेली जागा लक्षात घेऊन झिजेपुरते शुल्क घ्यावे. गाडीकडून पार्किंगचे घ्यावे, आणि गर्दीच्या दिवशी ते जास्त असावे.

नुसता मुक्कामावरचा कर पुरणार नाही. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा माणूस त्यातून निसटतो आणि रस्त्यावर सर्वाधिक ताण त्याचाच असतो. व्हेनिसने 2024 मध्ये ठरावीक दिवशी येणाऱ्या अशाच पाहुण्यांना 5 युरोंचे शुल्क लावले, मुक्कामी पाहुण्यांना त्यातून वगळले. अशा शुल्काने गर्दी फार घटेल, असे मी मानत नाही. पण ज्याच्यामुळे खर्च होतो त्याच्याकडून तो काही अंशी तरी वसूल होतो.

हा पैसा रस्ता रुंद करण्यात घालू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रुंद झालेला रस्ता पुढच्या काही हंगामांत पुन्हा भरतो आणि तेवढ्यासाठी तोडलेली झाडे, पाडलेल्या ओसऱ्या परत मिळत नाहीत. स्वित्झर्लंडमधल्या झरमॅटला पाहुण्यांच्या गाड्या सुमारे पाच किलोमीटर अलीकडे टॅश येथे थांबतात आणि पुढचा प्रवास रेल्वेने होतो. गावाबाहेर वाहनतळ आणि तिथून वेळेवर सुटणारी बस, एवढे प्रत्येक गावाला जमण्यासारखे आहे.

नगरपरिषदांनाही सांगणे आहे. वसूल केलेला पैसा स्वतंत्र खात्यात ठेवा. त्यातून पगार, समारंभ, स्वागतकमानी होता कामा नयेत. हंगाम संपल्यावर किती वाहने आली, किती जमा झाले आणि कोणत्या रस्त्यावर किती खर्च झाला, हे कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावा. राज्य सरकारांनी हे शुल्क ठरवण्याचा अधिकार नगरपरिषदांना कायद्याने द्यावा आणि अनुदान ठरवताना हंगामातली प्रत्यक्ष वाहनसंख्या धरावी. नाक्यांवर ती मोजणे आज मुळीच अवघड नाही.

आपला,
एक वाचक