आई-बाबा, अंधारात बसू नका

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर काही सांगायला गेलं की बाबा "बरं बरं" करून फोन आईकडे देतात आणि आई विचारते जेवलीस का, म्हणून यावेळी लिहूनच पाठवतेय. चष्मा लावून नीट वाचा, अर्धवट वाचून "हो कळलं" नकोय.

रविवारी मी आले तेव्हा सात वाजून गेले होते आणि तुम्ही दोघं हॉलमध्ये काळोखात, जिन्यातल्या लाइटचा दरवाज्यातून जेवढा उजेड येतोय तेवढ्यावर. मला आधी वाटलं लाइट गेलीये. मग बाबांनी टीव्हीखालून बेस्टचं विजेचं बिल काढून हातात दिलं, ३३८ युनिट, पेनाने दोनदा गोल केलेलं. आणि आई वर्तमानपत्राने वारा घेतेय! मे महिन्यात, दादरला, सत्तरी उलटलेली माणसं. मी तेव्हा काही बोलले नाही कारण बोलले असते तर भांडणच झालं असतं.

बाबा, तुम्ही आयुष्यभर बँकेत आकडे जुळवलेत ना, मग हे जुळवा. हॉलमधला बल्ब एलईडी आहे, ९ वॅटचा. १००० वॅट एक तास चालले की एक युनिट. म्हणजे तो बल्ब रोज चार तास बंद ठेवला तर महिन्याला वाचलं किती, तर जेमतेम एक युनिट. एका युनिटसाठी महिनाभर अंधार आणि त्यात आईचा गुडघा टीपॉयवर आपटला तो वेगळाच.

खाणारा बसलाय डोक्यावर. माझ्या बारशाच्या आधीपासूनचा तो पंखा. चालतोय झकास, मान्य, पण तो ७५ वॅटच्या आसपास घेतो, आणि तुमच्याकडे हॉलचा आणि बेडरूमचा दोन्ही रोज सोळा-सोळा तास तरी फिरतात. एकेक पंखा महिन्याला ३६ युनिट. शिवाय भिंतीवरचा तो चौकोनी जुना रेग्युलेटर, दोनवर पंखा ठेवून तासाभराने त्याच्यावर हात ठेवून बघा, गरम लागेल. स्पीड कमी केला म्हणजे तेवढी वीज वाचली असं बाबांना वाटतं, पण त्यातली बरीचशी त्या डब्यातच उष्णता होऊन जाते. आता बीएलडीसी मोटरचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नवीन मोटरचे पंखे मिळतात ते ३० वॅटच्या आसपास चालतात, तेवढ्याच तासांना १४-१५ युनिट. दोन पंखे बदलले की महिन्याला ४३ युनिट कमी.

आणि हे ४३ कुठले माहितीये का? त्यातले ३८ तर सगळ्यात महागातले. बाबांना वाटतं ३०० च्या वर गेलो की सगळंच बिल वरच्या दराने लागतं. तसं नाहीये, वरचा दर फक्त ३०० नंतरच्या युनिटांना लागतो, म्हणजे तुमच्या ३८ ना. पंखे बदलले की ३३८ चे २९५ होतात आणि तो स्लॅबच सुटतो. पंखा साधारण ३ हजाराला येतो, आता दर बिलावर छापलेलाच आहे, तेव्हा किती महिन्यांत वसूल होतो ते तुम्हीच काढा, तुम्हाला मजा येईल. रिमोट असतो त्याला, तो सोफ्याच्या फटीत जाणार हे मला आत्ताच दिसतंय, मी देव्हाऱ्याच्या बाजूला खिळा मारून दोरीने लटकवून देणार आहे.

कोणीतरी आईला कूलर घ्या म्हणून सांगितलंय ना, तो घेऊ नका. नागपूरला ठीक आहे, तिकडे हवा कोरडी. आपल्याकडे हवेतच एवढी ओल, त्यात अजून ओल सोडून काय होणार, नुसती चिकचिक. त्यापेक्षा पश्चिमेच्या खिडकीला बाहेरच्या बाजूने बांबूची चिक लावू, ऊन काचेवर यायच्या आधीच अडतं.

एसी १८ वर लावून खोली गारठवायची, मग बंद, मग अर्ध्या तासाने उकडतंय म्हणून परत चालू, हे बंद करा. २५-२६ वर ठेवायचा आणि सोबत पंखा बारीक. एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते असं बीईईवाले, म्हणजे वीजबचतीचं बघणारी सरकारी संस्था, सांगतात, २०२० पासून स्टार लेबलचे नवीन एसी चालू केल्यावर २४ वरच सुरू होतात ते त्यासाठीच. जाळी मी धुऊन देईन.

आई, फ्रिज तुझा. दाराच्या रबरात एक कागद धरून दार लाव आणि ओढून बघ, सहज निघाला तर रबर गेलं समज, गार हवा दिवसरात्र बाहेर. आणि तो भिंतीला चिकटवलाय तो वीतभर पुढे घ्यायचा, मागे जळमटं किती आहेत ते बघूनच मला कसंतरी झालं. गॅसबद्दल मी तुला काय सांगणार, डाळ भिजत घाल, शिट्टी झाली की बारीक कर, हे माझ्या कानात तूच ओतलंयस. कडधान्याचं पाणीसुद्धा तुळशीला जातं तुझ्याकडे. आमच्याकडे चार माणसांत ओला कचरा बघशील तर रागावशील, जाऊ दे.

गीझरवरून मात्र तुम्ही उगाच भांडता. बंद करायला विसरलात तर तासाला दोन युनिट जळत नाहीत, पाणी तापलं की तो आपोआप कट होतो. थोडं जातंच, पण एवढं नाही. आत्ता तर नळालाच कोमट पाणी येतंय, बंदच ठेवा.

गच्चीवरच्या सोलरचं बाबांनी मीटिंगमध्ये काढलं होतं, चांगलं केलंत. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी किलोवॅटमागे १८ हजारांची सबसिडी आहे खरी. पण आपली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला "आता जाणारच" आहे, गेली बारा वर्षं, तेव्हा वर पॅनल बसवायला कोण तयार होणार? जिन्यात सेन्सरचे एलईडी लावून घ्या, ते काढून नेता येतात, आणि रात्रभर रिकामा जिना उजळत राहणार नाही.

शनिवारी अकरापर्यंत येते, पंखे आणि इलेक्ट्रिशियन दोन्ही घेऊन. शेजारून शिडी मागून ठेवा. बेडरूममधली जुनी ट्यूब काढू तेव्हा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आत पारा असतो, मी घेऊन जाईन. जुना हॉलचा पंखा भंगारात द्यायचा नसेल तर माळ्यावर ठेवू बाबा, मी काही म्हणणार नाही.

आणि तोवर दुपारी पंखा चालू ठेवायचा, पाचवर.

तुमची,
चिऊ