आकडा 1122 आणि वाडीतले बाप्ये

महोदय,
बी.ए.च्या समाजशास्त्राच्या वर्गात सांख्यिकी सुरू झाली की मुलं म्हणतात, 'मॅडम, गणित सुटावं म्हणून तर आर्ट्सला आलो!' खेडजवळच्या महाविद्यालयात शिकवताना मी म्हणून सूत्रं मागे ठेवते. फळ्यावर फक्त 1122 लिहिते. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे एवढ्या स्त्रिया होत्या. 'म्हणजे आपल्याकडे मुलींना मान आहे,' हे उत्तर हमखास येतं. मग विचारते, तुमच्या वाडीतले बाप्ये कुठे असतात? 'मुंबईक!' वर्ग हसतो. पण त्याच जनगणनेत 0 ते 6 वयोगटात दर हजार मुलांमागे मुली हजारापेक्षा कमी आहेत. (निसर्गतःच मुलींचे जन्म थोडे कमी असतात, हेही तिथेच सांगावं लागतं.) 1122 मध्ये मोठा वाटा चाकरमान्यांच्या स्थलांतराचा आहे. हीच पाहणी गणपतीत केली तर आकडा बदलेल. नमुना निवड, म्हणजे कुणाला आणि कधी मोजायचं, हे शिकवायला एवढं पुरतं.

सरासरीचंही तसंच. दहा घरांची वाडी धरा. नऊ घरांचं उत्पन्न महिना 10 हजार, दहावं आंबा बागायतदाराचं, 2 लाख 10 हजार. सरासरी 30 हजार, मध्यक, म्हणजे उत्पन्नं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, मात्र 10 हजार. प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) वगैरे नंतर आपोआप पटतं.

आपल्या बातम्यांत 'सरासरी उत्पन्न' छापताना शेजारी मध्यकही द्यावा, ही विनंती. कात्रण मी वर्गात लावीन.

एक प्राध्यापिका, ता. खेड, जि. रत्नागिरी