थिअरी काय कामाची म्हणणाऱ्या साहेबांसाठी

संपादक साहेब, नमस्कार.

माझं सगळं आयुष्य भोसरी एमआयडीसीत प्रॉडक्शनमध्ये गेलं, त्यामुळे "थिअरी कॉलेजात ठेवा, इथं अनुभव चालतो" हे किती साहेबांच्या तोंडून ऐकलंय त्याला गणती नाही. अनुभवाला नावं ठेवत नाही मी, नुसत्या आवाजावरनं बेअरिंग गेलंय हे सांगणारी माणसं पाहिलीत. पण मॅनेजरला रोज अशा गोष्टींचे निर्णय घ्यायचे असतात ज्या ना दिसतात ना ऐकू येतात, आणि तिथं एकटा अनुभव चक्क फसवतो.

एका कारखान्यात (नाव नको) एकच व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), सगळे जॉब, म्हणजे मशीनवर करायचे पार्ट, त्याच्यावरनंच जायचे. साहेबांचा दंडक असा की मशीन मोकळं दिसता कामा नये, ऑपरेटर दोन मिनिटं उभा दिसला की बोंबाबोंब. महिन्याच्या रिपोर्टात युटिलायझेशन, म्हणजे मशीन किती वेळ कामात होतं ते, ९५ टक्के आलं की साहेब खूश, आणि इकडे ट्रॉल्यांची रांग स्टोअरच्या दारापर्यंत, निम्म्या ट्रॉल्यांना अर्जंटचा लाल टॅग, आता सगळंच अर्जंट म्हटल्यावर आधी काय लावायचं यावरनं सुपरवायझर आणि डिस्पॅचवाल्याची रोज जुंपलेली. कस्टमरचा फोन आला की निदान ठरलेलं, पोरं कामचुकार आहेत, ओव्हरटाइम लावा.

या रांगांचं गणित एर्लांग नावाच्या डॅनिश माणसानं मांडायला घेतलं, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीच्या कामातनं, पहिला पेपर १९०९ सालचा. त्यातलं सगळ्यात साधं मॉडेल घ्या. जॉब कधीही येतायत, कुणाला कमी वेळ लागतो कुणाला जास्त, सरासरी अर्धा तास धरा. मशीन ८० टक्के बिझी असेल तर जॉब सरासरी दोन तास रांगेत थांबतो, ९० टक्क्यांना साडेचार तास, आणि ९५ ला साडेनऊ! म्हणजे काम वाढलं पाचव्या हिश्श्याहूनही कमी आणि थांबणं झालं जवळपास पाचपट. वीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढली तरी हे आपोआप सुचत नाही कारण आपण मनातल्या मनात त्रैराशिकच मांडत असतो. हे ज्याला ठाऊक आहे तो उभ्या ऑपरेटरला बघून लगेच ओरडणार नाही, आधी सेटिंगचा वेळ, म्हणजे एक जॉब काढून दुसरा लावायला जाणारा वेळ, कसा खाली येईल ते बघेल.

दुसरं, लिटलचा नियम, जॉन लिटलनं १९६१ साली सिद्ध केलेला. लाइनवर ३०० जॉब पडलेत आणि रोज ६० बाहेर पडतायत तर जॉब आत गेल्यापासून बाहेर यायला सरासरी ५ दिवस. भागाकार आहे हो नुसता! तरी साहेब कस्टमरला "परवा देतो" सांगून मोकळे, आणि घाई आहे म्हणून आणखी माल लाइनवर सोडणार, म्हणजे उशीर अजून वाढला.

आता फॉर्म्युला पाठ करून आलेली एमबीएची पोरंही बघितलीत, पीपीटी झकास. पण जॉब ठराविक टायमाला येत असतील आणि प्रत्येकाला सारखाच वेळ लागत असेल तर वरचे आकडे लागूच होत नाहीत, रांग जवळपास होतच नाही. ते बघायला वही घेऊन मशीनजवळ उभं राहावं लागतं, ते यांच्याच्यानं होत नाही. कुठलं गृहीतक इथं बसतं नि कुठलं नाही हे कळणं हाही थिअरीचाच भाग, तेवढाच नेमका परीक्षेपुरता वाचतात.

आमच्याकडच्या छोट्या कारखान्यांतले बरेच मॅनेजर मशीनवरनंच वर आलेत, डोकं तल्लख, फक्त हे त्यांना मराठीत कुणी समजावूनच दिलेलं नाही. तुमच्या उद्योगाच्या पानावर शेअरच्या टिप्स रोज असतात, त्यातला अर्धा कॉलम आठवड्यातनं एकदा या विषयाला द्या. लिहिणारी माणसं इथंच एमआयडीसीत आहेत, पाहिजे तर नावं कळवतो.

आपला,
एक वाचक, भोसरी