‘केस जुळला’ म्हणजे गुन्हा सिद्ध झाला?

महोदय,

रात्री जेवताना आमच्या घरी सत्य घटनांवरची गुन्हेमालिका चालू असते. परवाच्या भागात पांढऱ्या कोटातल्या तज्ज्ञाने सूक्ष्मदर्शकातून मान वर केली आणि म्हणाला, ‘केस जुळला.’ लगेच कॅमेरा वॉचमनच्या चेहऱ्यावर. सासूबाई भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, ‘मला वाटलंच होतं, हाच!’ तोवर आरोपपत्रही दाखल नव्हतं. आणि संशयित दर वेळी वॉचमन, मोलकरीण, नाहीतर झोपडपट्टीतला पोरगाच का असतो? सकाळी आमच्या इमारतीच्या वॉचमनकडे पाहताना मलाच अपराधी वाटलं.

अमेरिकेच्या एफबीआयने २०१५ मध्ये कबूल केलं, की केसांच्या अशा तुलनेवरच्या तपासलेल्या साक्षींपैकी किमान ९० टक्के साक्षींत चुकीची विधानं होती. त्यातल्या काही आरोपींना मृत्युदंड झाला होता. आपल्याकडेही संमतीशिवाय नार्को चाचणी, म्हणजे गुंगीचं औषध देऊन चौकशी, करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावलं आहे.

वाहिन्यांनी तज्ज्ञाची उलटतपासणीही दाखवावी, आणि आरोपी निर्दोष सुटला असेल तर तो निकालही त्याच वेळेला, तितक्याच ठळकपणे.

– एक वाचक, दादर, मुंबई