पोलंडहून आई-बाबांना

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

बाबा, आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिलेल्या पोलिश लोकांचा देश आहे तरी कसा, असं तुम्ही विचारलंत. फोनवर सांगून होणारं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

देश महाराष्ट्राहून किंचितच मोठा, पण माणसं जेमतेम पावणेचार कोटी. उत्तरेला बाल्टिक समुद्र, दक्षिणेला तात्रा पर्वत आणि मध्ये नुसती सपाटी. वॉर्साहून ग्दान्स्कला जाताना घाट म्हणून लागत नाही. हीच सपाटी यांच्या मुळावर आली. पूर्व-पश्चिमेला आडवा डोंगर नाही, त्यामुळे कोणीही यावं आणि चालून जावं. रशिया आणि प्रशियाने 1772, 1793 आणि 1795 असे तीन वेळा लचके तोडले; पहिल्या आणि तिसऱ्या वेळी ऑस्ट्रियाही त्यांत होता. पुढची 123 वर्षं, 1918पर्यंत, नकाशावर पोलंड नव्हताच. त्याच काळात मारिया स्क्वोदोव्स्का, म्हणजे आपल्या मादाम क्युरी, वॉर्सात चोरून भरणाऱ्या वर्गांत शिकल्या. 1898मध्ये नवं मूलद्रव्य सापडलं तेव्हा त्यांनी त्याला हट्टाने पोलोनियम नाव दिलं. देश नसताना! मला या बाईचा फार अभिमान वाटतो.

1939मध्ये जर्मनी एका बाजूने शिरला, सोव्हिएत रशिया दुसऱ्या. रशियाने लाखोंना सायबेरियाकडे हाकललं. त्यांतलेच सुमारे पाच हजार जण इराणमार्गे 1943पासून आपल्या वळिवड्याला आले. बहुतेक बायका आणि मुलंच. 1948पर्यंत ते तिथे होते. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. तिथे उभी राहिले आणि डोळे भरून आले.

जर्मनांविरुद्धच्या 1944च्या उठावानंतर त्यांनी वॉर्सा घरामागून घर पाडलं. जुनं शहर आज दिसतं ते लोकांनी पुन्हा बांधलेलं. त्यासाठी अठराव्या शतकातल्या बेलोत्तो या चित्रकाराची चित्रंही समोर ठेवली होती. उठाव सुरू झाला तो 1 ऑगस्ट. दर वर्षी त्या दिवशी संध्याकाळी पाचला भोंगे वाजतात आणि अख्खं शहर मिनिटभर थांबतं. ड्रायव्हर गाडीतून उतरून उभे राहतात, मुलं सायकलवरून पाय टेकतात. आपल्या कुणाकुणाची नावं त्यांच्या मनात येत असतील!

आई, खाण्याची काळजी करू नकोस. पिएरोगी म्हणजे उकडलेल्या करंज्याच, बटाटा आणि पनीरसारख्या ताज्या चीजच्याही मिळतात. नाताळच्या आदल्या रात्री बारा पदार्थ असतात, त्यांत मांस नसतं आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचं मांडतात. हे तुला नक्की आवडेल.

बाबा, सकाळी फिरायला जाल तेव्हा महावीर गार्डनमधल्या पोलिश स्मारकाचा फोटो काढून पाठवा. इथल्या शेजारच्या आजींना दाखवायचा आहे. आणि आईला एकटीला जिना चढू देऊ नका.

तुमची लेक