सेट घेऊ नकोस, मास्क घे

शहापूर, बेळगाव
रविवार सकाळ

प्रिय बाळू,

तुझा मेसेज मिळाला, खालचा फोटोही बघितला. निळा डायव्हिंगचा मास्क, श्वास घ्यायची नळी, पायात घालायची पिवळी फिन्स आणि वर जाळीची पिशवी फुकट, सगळं मिळून अठराशे. मालवणला समुद्रात उतरायला जाताय, त्यासाठी "घेऊ काय?" म्हणून विचारलंयस. फोनवर नको म्हणून मोकळा झालो असतो, पण तू का म्हणून विचारणार, मी सांगायला लागणार आणि नेमकं तेव्हाच तुझ्या दुकानात गिऱ्हाईक येणार. आज कारखान्याला सुट्टी आहे, म्हणून लिहायलाच बसलोय. चहा घेऊन वाच.

आधी एक आठवण. नंदगडच्या बाजूची आमच्या मामाची विहीर तुला आठवत असणार. कंबरेला डबा बांधून आपण दोघं तिथंच पोहायला शिकलो. पुढं एका उन्हाळ्यात मामीची तांब्याची कळशी त्या विहिरीत गेली आणि ती काढायला मी उतरलो. तू त्या वर्षी निपाणीला होतास. डोळ्यांवर पोहण्याचा नवाकोरा गॉगल, पोरं वर काठावर बसलेली, मग काय, मी थेट तळाला. पाणी वीस फूट तरी असेल. निम्म्यावर कान दुखायला लागले, ते नाक दाबून फुंकल्यावर सुटले. पण गॉगल डोळ्यांना असा काही चिकटला की डोळे बाहेर ओढले जाताहेत असं वाटलं. कळशी मिळाली. आरशात बघितलं तर दोन्ही डोळ्यांतलं पांढरं लालभडक. आई म्हणाली, "डोळे आल्यात की रे तुझे," आणि आठ दिवस कुणी माझा टॉवेल वापरला नाही.

डोळे आलेच नव्हते. खाली पाण्याचा दाब वाढतो. दर दहा मीटरला एक बार, म्हणजे वर आपल्याभोवती हवेचा जेवढा दाब असतो, तेवढाच आणखी. गॉगलमधली हवा मात्र वरच्याच दाबाची राहते. तिथं नवी हवा सोडायला वाट नाही, कारण नाक बाहेर आहे. मग बाहेरचा दाब डोळ्यांकडून वसूल होतो, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. डायव्हिंगच्या मास्कमध्ये नाक आत असतं ते यासाठीच. खाली जाताना नाकातून जराशी हवा मास्कमध्ये सोडायची की चिकटणं बंद. आणि नाकाभोवतीचा भाग मऊ रबराचा असतो, म्हणजे बाहेरून चिमटीत धरून कान मोकळे करता येतात. तुझ्या फोटोतल्या मास्कला नाकाची जागा आहे, पण ती कडक प्लॅस्टिकची दिसते. मी मोठा करून बघितला.

तर सेट घेऊ नकोस. फक्त मास्क घे, आणि तोही तोंडाला लावून बघितल्याशिवाय नाही. बाकी सगळं भाड्यानं मिळतं आणि भाड्याचं चालतं. दुसऱ्याच्या तोंडाला बसलेला मास्क आपल्याला बसेलच असं नाही.

बघायचा कसा ते सांगतो. मागचा पट्टा डोक्यावरून घ्यायचाच नाही. मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा, केस आत राहिले असतील तर बाजूला करायचे, नाकानं हलकीच हवा ओढायची आणि हात सोडायचा. मास्क चिकटून राहिला पाहिजे. मान खाली घालून बघायची, तोंडात नळी धरल्यासारखे ओठ करून बघायचे. सुटला तर दुसरा. पट्टा ओढून बसवू म्हणशील, तर ते उलटं पडतं: पट्टा जास्त आवळला की कडा मुडपते आणि तिथूनच पाणी शिरतं. आमच्याकडे नवी पोरं सील गळायला लागलं की बोल्ट आवळत सुटतात, तसलाच प्रकार.

कड सिलिकॉनची हवी. स्वस्त सेटमध्ये पीव्हीसी असतं. ओळखायला सोपं आहे. नाकाशी धर, नव्या रेनकोटसारखा वास आला तर पीव्हीसी. सिलिकॉन बोटानं दुमडून सोडलं की लगेच मूळ जागी येतं, पीव्हीसी विचार करत बसतं. काचेवर टेम्पर्ड असं लिहिलेलं असतं, ते बघ. साधी काच किंवा प्लॅस्टिक नको.

मीही पहिल्यांदा पाकीटबंद घेतला होता. दुकानदार म्हणाला, पाकीट उघडलं की परत घेणार नाही. मी मुकाट्यानं पैसे दिले. पाण्यात उतरल्यावर दर दोन मिनिटांनी मास्क नाकाच्या वरपर्यंत भरायचा. तो आता आमच्या पुतण्याकडे आहे. होळीला वापरतो.

आता नाजूक विषय. तुझ्या मिशा. पीयूसीपासून, म्हणजे अकरावी-बारावीपासून, जपल्यास, मला माहीत आहे, पण सील कातडीवर बसतं, केसांवर बसत नाही. काढ असं म्हणत नाही. नाकाच्या लगेच खालची बारीकशी पट्टी उतरवलीस तरी कड टेकायला जागा मिळते, खाली मिशी तशीच राहते. कुणी व्हॅसलीन फासायला सांगतात. मला ते पटत नाही, सगळं निसरडं होतं आणि मास्क सरकतो.

चष्म्याचंही बघायला हवं. मास्कच्या आत चष्मा बसत नाही, काड्या मध्ये येतात आणि सील तुटतं. पाण्याखाली काचेतून सगळं तिसऱ्या हिश्श्यानं मोठं आणि चौथ्या हिश्श्यानं जवळ दिसतं, त्यामुळे ज्यांचा नंबर लहान आहे ते तसेच उतरतात आणि निभावून नेतात. तुझा उणे साडेतीन. तुला निभणार नाही, कासव आणि दगड एकच दिसतील. दोन वेगळ्या काचांच्या काही मास्कमध्ये नंबराच्या तयार काचा बसवता येतात, अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्यानं मिळतात. पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथं कर.

नवा मास्क आणलास की लगेच पाण्यात नेऊ नकोस. साच्यातून निघालेल्या वस्तूवर एक पातळ थर राहतो. त्यामुळे काच आतून धुकट होते आणि माणसाला वाटतं मास्कच खराब. साधी पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन काचेला आतून चोळायची, धुवायची, परत चोळायची. मी तीन-चारदा केलं. त्यानंतर दर वेळी पाण्यात उतरण्याआधी आत थुंकायचं, बोट फिरवायचं, हलकं विसळायचं. वहिनी शी म्हणतील. त्यांना लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब दे.

नळीबद्दल फार नाही. वाकडी साधी नळी, वर लाटेचं पाणी अडवणारी टोपी, खाली पाणी बाहेर टाकायची झडप, एवढं बस. पाणी आलंच तर जोरात फूऽ करायचं. तू विचारलंयस, लांब नळी घेतली तर आणखी खाली जाता येईल काय? नाही येणार. समज, तू एक मीटर खाली आहेस. छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर शंभर ग्रॅमचा भार, म्हणजे सगळी छाती धरली तर तांदळाचं पोतं ठेवल्यासारखं. नळीतली हवा मात्र वरच्याच दाबाची. ते पोतं उचलून श्वास आत घ्यायला बरगड्यांत जोर नसतो. शिवाय नळी जितकी लांब, तितकी आपलीच सोडलेली हवा आपण परत ओढणार. म्हणून सगळ्या नळ्या वीतभर-दोन वीत असतात.

छकुलीला तो पूर्ण तोंड झाकणारा मास्क हवाय म्हणतोस. दिसायला छान आहे, अंतराळवीर वाटते पोर. पण आतल्या झडपा नीट नसल्या तर सोडलेली हवा आतच फिरते, घाबरली तर तोंडातून नळी टाकून द्यावी तसा तो पटकन निघत नाही, आणि नाक दाबता येत नसल्यानं खाली जायला तो बादच. तिला साधा छोटा मास्क दे. लाइफ जॅकेट घालून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला उथळ पाण्यात तरंगू दे, मासे तिथंही दिसतात.

फिन्स घेऊ नकोस, तिथंच पायाला लावून बघ. टाच घासली तर दुसरा जोड माग. पाण्यात घालायचा रबरी सूटही भाड्याचा. आपल्याकडचं पाणी गरम असतं, तीन मिलिमीटर जाडीचा पुष्कळ झाला. नुसतं तरंगणार असाल तर पूर्ण बाह्यांचा घट्ट शर्ट आणि लांब पँट, एवढंच सक्तीचं समज. मी पहिल्यांदा बनियनवर तरंगलो दोन तास. पाण्यात ऊन कळत नाही. घरी आल्यावर चार रात्री पालथा झोपलो.

आता सिलिंडर, म्हणजे पाठीवरची हवेची टाकी. हा माझ्या धंद्याचा भाग, म्हणून जरा लांबवतो. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणतो तो), तरंगणं सांभाळणारं जॅकेट, टाकी यातलं काहीही विकत घ्यायचा विचारसुद्धा करू नकोस. रेग्युलेटरला वर्षाला सर्व्हिस लागते, आत ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या असतात, आणि वर्षातून एकदा मालवणला जाणाऱ्याची ओ-रिंग कपाटातच वाळते. टाकी साधारण अकरा-बारा लिटरची, आत २०० बार. आमच्या हायड्रॉलिक प्रेसच्या गेजवर, म्हणजे दाबाच्या काट्यावर, मी रोज हाच आकडा बघतो, पण तिथं तेल असतं. तेल गळतं, हवा स्फोटासारखी सुटते, म्हणून टाकीकडे मी आदरानं बघतो. ११ गुणिले २००, म्हणजे २२०० लिटर हवा. दहा मीटरवर दाब दुप्पट, त्यामुळे तीच हवा निम्मा वेळ पुरते. घाबरून धापा टाकल्यास तर आणखी कमी.

पाण्यात उतरायच्या आधी गेज हातात घे आणि काट्याकडे बघत रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास ओढ. काटा जागचा हलता कामा नये. श्वासागणिक खाली पडून परत वर येत असेल तर टाकीची चावी पूर्ण उघडलेली नाही. तिथंच सांग, लाजू नकोस. हवेला कसलाही वास किंवा चव नको. तेलकट वाटली, धुराडी वाटली तर ती टाकी नको म्हण. मी एकदा बदलून घेतली, कॉम्प्रेसर बोटीच्या इंजिनाशेजारीच होता. तोंडात धरायचं रबर चावून फाटलेलं असेल तर तेही बदलून माग. टाकीच्या खांद्यावर टेस्टची तारीख ठोकलेली असते. वाचता येते.

आणि टाकीनं श्वास घेताना श्वास कधीही रोखायचा नाही. विहिरीत आपण छाती भरून बुडी मारायचो, ती सवय इथं विसर. तिथं वरची हवा घेऊन खाली जायचो, वर येताना ती जेवढीच्या तेवढी व्हायची. इथं दहा मीटरवर छाती भरतोस, आणि ती हवा वर येईपर्यंत दुप्पट होते. तिला बाहेर जायला वाट हवी, नाहीतर फुप्फुसालाच इजा होते. तिथला माणूस हे सांगेल, पण बोटीच्या आवाजात ऐकू येणार नाही म्हणून मी सांगतोय. तब्येतीचा फॉर्म देतात तोही खरा भर. तुझा जुना दमा लपवू नकोस. डॉक्टर नको म्हणाले तर नळीवर समाधान मान.

शेवटी घाट. हे बहुतेक कुणी सांगत नाही. पाण्याखाली दाबाची हवा घेतल्यानं अंगात नायट्रोजन मुरतो, तो हळूहळू निघतो. लगेच उंचावर गेलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखं व्हायची भीती. म्हणून एकदाच डाइव्ह केली तर बारा तास आणि जास्त केल्या तर अठरा तास विमानात बसायचं नसतं. ही मोजणी दोन हजार फुटांपासून, म्हणजे सहाशे मीटरपासून सुरू होते. तुमच्या परतीच्या वाटेवरची आंबोली जवळजवळ सातशे मीटर आहे आणि आमचं बेळगाव त्याच्याही वर. म्हणजे सकाळी पाण्याखाली आणि संध्याकाळी आजऱ्यात मिसळ, हा तुझा बेत बसत नाही. एका उथळ डाइव्हनं काही होईलच असं नाही, पण रात्री मालवणात राहा. सोलकढी पी, सकाळी निघ.

माझा मास्क पाठवतोय. आमच्या कारखान्यातला एकजण मंगळवारी निपाणीला जातोय, त्याच्याकडे देतो. तुला बसला तर त्याच मापाचा घे, नाही बसला तर परत पाठव. पट्टा न लावता बघ. आणि मिशीचं काय ते कळव.

वहिनींना नमस्कार, छकुलीला गोड पापा.

तुझा,
दत्ता