कोचीचे पोहे आणि आपला चावदिस

निशीकासाई, टोकियो
२६ ऑक्टोबर २०२५

आई, बाबा, आजी, दादा-वहिनी आणि घरातले सगळे,

फोनवर काही धड बोलणं होत नाही, तिकडे दिवाळीची माणसं येत-जात असतात आणि इकडे चिनू मध्येच फोन ओढते, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. बाबा, आजीला मोठ्याने वाचून दाखवा, पोह्यांचा भाग दोनदा वाचलात तरी चालेल.

आई, यंदा फराळाचं पार्सल नको म्हटलं तेव्हा तू जरा हिरमुसलीस ते कळलं मला. तुझ्या चकलीला तोड नाही गं, पण निशीकासाईत एवढे आपले लोक राहतात की चकली, शेव, लाडू सगळं दुकानात मिळतं, आणि मला दिवाळी म्हटलं की फराळाच्या आधी चावदिसाची, म्हणजे नरकचतुर्दशीची, सकाळ आठवते. भात कापून झोडून झालेला, घरात त्याचा वास, आणि पाच प्रकारचे पोहे. आपल्याकडे दिवाळी शेतातून घरात येते. मग इथे राहून इथल्या शेतात जे आत्ता पिकलंय त्याचीच दिवाळी करायची असं यंदा मनात घेतलं होतं.

आणि इथे आत्ता नुसती चंगळ आहे! दुकानात तांदळाच्या पिशव्यांवर 'शिनमाई' लिहिलेलं दिसतं, म्हणजे नवा तांदूळ, आणि पिकलेल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत जो पॅक होईल त्यालाच तसं लिहिता येतं, असा चक्क नियम आहे. बाबा, यंदाचा भाव ऐकाल तर डोक्याला हात लावाल, ५ किलोची पिशवी ४ हजार येनच्या वर, म्हणजे आपले दोन हजार रुपयांहून जास्त. तरी लोक घेतात. शिजवताना पाणी जरा कमी घालतात कारण नव्या दाण्यात ओल असते, आजी सांगते अगदी तेच. मी निगाताचा कोशिहिकारी तांदूळ आणला, पहिल्या दिवशी नुसता मीठ आणि तूप घालून खाल्ला, बाकी काही लागलंच नाही.

यंदा कोजागिरीलाही मजा झाली. ६ ऑक्टोबरला आपली कोजागिरी आणि त्याच रात्री इथलं चंद्रदर्शन, जुगोया म्हणतात. खिडकीत तांदळाच्या पिठाचे पांढरे गोळे रचून ठेवतात आणि शेजारी सुसुकी नावाच्या गवताचे तुरे. मी शेजारच्या आजींना विचारलं की गवत का, तर म्हणाल्या ते भाताच्या लोंब्यांच्या जागी असतं. मला एकदम आपल्या दारावरचं नवं आठवलं, लोंब्या आणि आंब्याची पानं बांधलेलं. आपण नवान्न पौर्णिमा म्हणतो तोच तर दिवस! मी मसाला दूध केलं, त्यांना कपभर नेऊन दिलं, वेलचीचा वास त्यांना फार आवडला.

आता पोह्यांचं. इथे आपल्या दुकानात पांढरे पातळ पोहे मिळतात, लाल नाहीत. मी शेजारच्या आजींना सांगत होते की आमच्याकडे दिवाळीच्या पहाटे नव्या भाताचे पोहे खातात, भात भिजवून भाजायचा आणि व्हायनात, म्हणजे उखळात, कांडायचा. त्या ऐकता ऐकता उठल्या आणि आतून एक पुडी घेऊन आल्या. त्यांचं माहेर कोचीचं (केरळचं नव्हे, इथे शिकोकू बेटावर कोची नावाचा प्रांत आहे, ऊबदार, त्यामुळे तिथे भात लवकर तयार होतो). तिथे याकिगोमे करतात: नवा भात टरफलासकट भाजायचा, मग कांडून टरफल काढायचं. दाणे जरा चपटे, करडे-हिरवट, भाजल्याचा खमंग वास. आजी, मी पुडी नाकाला लावली आणि क्षणभर आपल्या मागच्या पडवीत होते.

ते लोक नुसते चावून खातात नाहीतर वरून गरम पाणी ओतून. मी त्याचे रसातले पोहे केले. नारळाचा रस डब्यातला, गूळ ओकिनावाचा, काळा उसाचा, कोकुतो नावाने इथे सगळीकडे मिळतो आणि चव खरंच गुळाचीच, थोडी खारट. दाणे आपल्या पोह्यांपेक्षा टणक आहेत म्हणून बराच वेळ भिजू दिले. आई, झाले गं! शेजारच्या आजींना वाटी दिली, त्यांनी दोन्ही हातांनी धरून खाल्ली आणि लहानपणाच्या कापणीबद्दल बोलत राहिल्या.

चावदिस सोमवारी आला, ऑफिसचा दिवस, पण इथे सहाच्या आधीच उजाडतं म्हणून त्याहून लवकर उठून तेल-उटणं केलं. कारीट कुठून आणायचं हा प्रश्न होता. तर नदीकाठच्या झाडीत कारासुउरी नावाचा रानवेल आहे, त्याला या दिवसांत अंड्याएवढी केशरी फळं लागतात, आतून कडू. बाल्कनीत तुळशीपुढे चिनूने ते टाचेखाली फोडलं आणि एवढ्या जोरात गोविंदा गोविंदा ओरडली की खालचा माणूस वर बघायला लागला. जिभेला लावू दिलं नाही, अनोळखी फळ आहे, कपाळाला लावलं फक्त. बिया मात्र धुऊन ठेवल्यात, इथे त्या पैशाच्या पाकिटात ठेवतात, धन टिकतं म्हणून. लक्ष्मीपूजनाला कुबेरापुढे मांडल्या.

बाकी काबोचा भोपळ्याचे घारगे केले, पाणी कमी सुटतं म्हणून पीठ छान मळलं जातं. पिकलेल्या पर्सिमॉनचं शिकरण केलं, ते दुधात लगेच घट्ट होतं, खरवसासारखं. चेस्टनट घालून भात केला, सोलताना बोटं दुखली. फटाके इथे उन्हाळ्यातच विकायला येतात, त्यामुळे ऑगस्टमध्येच फुलबाज्या घेऊन ठेवल्या होत्या. दादा, भाऊबीजेला तुला फोनवर ओवाळलं ते चिनूला पटलेलं नाही, मामाला प्रत्यक्ष ओवाळायचंय म्हणते.

कापणीचं काय झालं ते सविस्तर कळवा. पावसाच्या बातम्या वाचून जीव टांगणीला लागतो, खालच्या मळ्यातला भात उचलला का? आजी, रसात गूळ आधी विरघळवायचा की पोह्यांवर किसून घालायचा, तू नेमकं कसं करतेस ते बाबांना सांग, ते लिहितील. आणि दादा, आपलं व्हायन आणि मुसळ अजून पडवीत असेल तर वहिनीला घेऊन थोडा भात कांडताना व्हिडिओ काढून पाठव, शेजारच्या आजी रोज विचारतायत.

तुमची,
सुमी